पेटी उघडली, दप्तर उघडलं नाही

आबांनी पेटी स्वतःच्या हातानं उघडली. कुणी त्यांचा हात धरला नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांच्यावर माझा राग आहे त्यांची यादी मोठी आहे आणि त्यातून मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, वगळणार नाही.

काळी लोखंडी पेटी. झाकणावर पांढऱ्या रंगानं आबांचा नंबर, हुद्दा, नाव. हुद्दा हवालदार. क्वार्टरसमोरच्या बर्फात ती आणून ठेवली होती. सहा क्वार्टरची लाइन, सहा दारांत माणसं उभी. समोर कर्नलसाहेब, ओव्हरकोटाच्या खिशात हात घालून. त्यांच्या मागं मॅडम, शाल गुंडाळून. मॅडमच्या मागं त्यांची मुलगी रिया. सुभेदार म्हणाले, "खोल दो." आबा गुडघ्यावर बसले, कुलूप काढलं, झाकण वर केलं. मग उठले आणि सावधान उभे राहिले. स्वतःच्या पेटीसमोर, सावधान.

एक जवान एकेक वस्तू काढून बर्फावर ठेवत गेला. ज्वारीच्या पिठाची पिशवी. शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. काळ्या मसाल्याची बरणी. आईचा लग्नातला शालू. आईचे परकर. मग एक जुना उशीचा अभ्रा. त्यात माझ्या पाळीची कापडं होती, धुऊन घडी करून ठेवलेली. जवानाला काय माहीत. त्यानं अभ्रा उलटा केला. कापडं बर्फावर पडली. लाइनीतली पोरं बघत होती. रोज ज्यांच्याबरोबर शाळेत जायचे, तीच. मी चौदा वर्षांची होते.

शोध चालला होता चांदीच्या करंड्याचा. मॅडमचा हळदीकुंकवाचा करंडा, सासूकडून आलेला. तो आमच्या पेटीत नव्हता. तो कुठं होता हे मला माहीत होतं. आबांनाही माहीत होतं. दहा मिनिटांपूर्वी मीच त्यांना सांगितलं होतं.

देशाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की लोक बोटांवर हिशेब करतील, तेव्हा तिथं कर्नल कोण होता म्हणून. आपल्या शेजारचा डोंगराळ देश होता, एवढं पुरे. तिथल्या सैन्याला शिकवायला आपल्या फौजेची एक तुकडी असायची. आबा त्या तुकडीच्या स्टोअरचे हवालदार. कांबळी, बूट, तंबू, चमचे, सगळं त्यांच्या ताब्यात. एक चमचा इकडचा तिकडं झाला नाही, ही त्यांची आयुष्यभराची कमाई. पोस्टिंग कुटुंबासह होती. इंदापूर तालुक्यातलं अंथुर्णे सोडून आम्ही तिघं तिकडं गेलो तेव्हा गावात पेढे वाटले होते. परदेश म्हणजे गावाला वाटलं विमान आणि डॉलर. आमच्या वाट्याला आला दोन खोल्यांचा क्वार्टर आणि खिडकीच्या फटीतून येणारा वारा.

शाळा तिथलीच होती, इंग्रजी माध्यमाची. पहिले चार महिने मी तोंड उघडलं नाही. नंतर उघडलं ते मिटलं नाही. वर्गातल्या पोरींना मी कोण, माझा बाप कुठल्या हुद्द्यावर, काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्यासाठी मी आणि रिया दोघी सारख्याच, भारतातून आलेल्या. एकीच्या घरी गेले तर तिच्या आईनं मला आणि रियाला एकाच ताटात मिरच्या आणि चीजची भाजी वाढली. गेटच्या बाहेर आम्ही एका देशाच्या होतो. गेटच्या आत शिरलं की रिया जिप्सीतून बंगल्याकडं जायची आणि मी फौजेच्या वन-टन ट्रकच्या मागच्या फळीवरून उडी मारून लाइनीकडं.

साहेब आणि मॅडम पुण्याचे. इथंच आईची चूक झाली. "आपल्या जिल्ह्याची माणसं हायती," ती म्हणायची. "एवढ्या लांब, बर्फात, आपल्या जिल्ह्याची माणसं भेटली, देवाचीच कृपा." पुणे शहर आणि अंथुर्णे एका जिल्ह्यात आहेत, हे कागदावर खरं आहे. कागदावर पुष्कळ गोष्टी खऱ्या असतात. आईनं त्या नात्यावर बंगल्यात भाकऱ्या पोचवल्या, ठेचा पोचवला, पुरणपोळ्या लाटून दिल्या. मॅडम सगळ्यांसमोर म्हणायच्या, "हिच्या हाताला काय चव आहे!" आई लाजायची. पुढच्या आठवड्यात बंगल्यावर पार्टी असली की पन्नास भाकऱ्यांचा निरोप यायचा. कौतुक आधी आणि काम नंतर, हा क्रम माझ्या तेव्हाच ध्यानात आला. आज बारामतीच्या बाजारात एखादा व्यापारी माझ्या डाळिंबाला हात लावून म्हणतो, "ताई, माल एक नंबर," तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही. तो आता किती पाडून मागणार याचाच विचार करते. आजवर एकदाही चुकलेले नाही.

मलाही बंगल्यावर बोलवायचे, रियाला सोबत म्हणून. मॅडम प्रेमानं सुधारायच्या. "'न्हाय' नाही म्हणायचं गं, 'नाही' म्हणायचं. शिकतेयस ना आता?" मी 'नाही' म्हणायला शिकले. त्यांना वाटलं नव्हतं तितकं चांगलं शिकले.

त्या संक्रांतीला मॅडमनी हळदीकुंकू केलं. बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत तिळाचा वास. साहेब लोकांच्या बायका सोफ्यावर, लाइनीतल्या बायका गालिच्यावर. हे कुणी सांगितलं नव्हतं. बायका आल्या आणि आपापल्या जागी बसल्या, जशा नवऱ्यांच्या खांद्यावरच्या पट्ट्या बसतात. वाणही दोन. सोफ्यावर लाकडी कोरीव डबी, गालिच्यावर प्लॅस्टिकचा डबा. आई सकाळपासून स्वयंपाकघरात गुळाच्या पोळ्या करत होती. तिला कुंकू शेवटी लावलं, पिठाच्या हातांसकट. तिनं मॅडमना वाकून नमस्कार केला. मॅडमचं वय आईपेक्षा दोन वर्षांनी कमी होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रत्येकानं आपल्या घरची एक वस्तू आणून तिच्याबद्दल बोलायचं होतं. मी फडक्यात बांधून भाकरी नेली. बोलायच्या आधीच पोरींनी ती खाऊन संपवली. रियानं चांदीचा करंडा नेला. "माझ्या आजीचा आहे," तिनं सांगितलं. सगळ्या पोरींनी हात लावून बघितला. सुटताना तिनं तो दप्तराच्या पुढच्या कप्प्यात टाकला आणि मला म्हणाली, "आईला सांगू नको हं. तिला न विचारता आणलाय." मी म्हटलं, "नाही सांगणार." पोरीपोरींतली गोष्ट. त्यात काय होतं?

शनिवारी मॅडम चांदीची भांडी आवरायला बसल्या. रविवारी सकाळी सुभेदार आमच्या दारात. "साहब आ रहे हैं. पेटी बाहर निकालो." हळदीकुंकवाच्या दिवशी स्वयंपाकघरात कोण होतं? आई. नवरा कुठं? स्टोअरवर. एवढ्यावर चौकशी पुरी झाली. लाइनीत सहा क्वार्टर होते. पेटी एकाच क्वार्टरची बाहेर आली.

आबा बूट घालत होते. मी त्यांच्या कानाशी गेले. "आबा, करंडा रियाच्या दप्तरात हाय. मी बगितलाय."

आबांचे हात थांबले.

"गप," ते म्हणाले. "आनी कुनाला बोललीस का?"

"न्हाय."

"मग बोलू बी नगंस. साहेबाच्या पोरीचं नाव तोंडातनं निघालं तर माजी नायब सुभेदारी गेली. पुढल्या महिन्यात साहेब रिपोर्ट लिवणार हायती."

"पर आबा, आई चोर ठरती की."

"कशी ठरल? आपल्या पेटीत काय न्हाय. उघडू, दावू, मोकळं हू."

सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर नायब सुभेदारी हाताशी आली होती. ती मिळाली तर गावात त्यांना सगळे साहेब म्हणणार होते. तिच्यासाठी आबांनी मनात सौदा केला. आपली पेटी उघडली तर काय जातं? थोडी लाज. त्यांचं दप्तर उघडायला लावलं तर काय जातं? सगळं. मी आज रोज सौदे करते, मला तो सौदा समजतो. एकच चूक त्यात होती. लाज त्यांनी स्वतःची धरली होती. बर्फावर पडली ती माझी आणि आईची.

कापडं पडली तेव्हा आई पुढं झाली, पदर सोडून गोळा करायला. मॅडम मागून म्हणाल्या, "राहू दे गं, आधी पूर्ण बघू देत." आवाज मऊ होता. पोळी मऊ झालीय असं सांगताना असतो तसा. आई अर्धी वाकलेली तशीच थांबली.

मी बोलले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"आता रियाचं दप्तर उघडा."

कुणी हललं नाही. मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं, मॅडमनी शिकवलेल्या मराठीत. "पेटी बघून झाली. आता रियाचं दप्तर उघडा. पुढचा कप्पा."

रिया आपल्या बुटांकडं बघत होती. तिनं एक शब्द बोलायचा होता. एकच. मॅडमनी तिच्याकडं वळून बघितलं आणि त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्या क्षणी त्यांना कळलं. कारण त्यांनी तिला काही विचारलंच नाही. त्या साहेबांना म्हणाल्या, "संस्कार. दुसरं काय."

साहेब आबांना म्हणाले, "हवालदार, मुलीला आवर."

"जी साब," आबा म्हणाले.

सगळे गेले. बर्फावरचं सामान आईनं आणि मी उचललं. पीठ ओलं झालं होतं, टाकून द्यावं लागलं. त्या देशात ज्वारी मिळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी निरोप धाडला. करंडा सापडला, देवघरातच मागं सरकला होता. बस. संध्याकाळी बंगल्याचा ड्रायव्हर एक पिशवी घेऊन आला. आत रियाचा जुना लाल कोट, चांगल्या लोकरीचा, अस्तर कुठंही फाटलेलं नाही. माझ्याकडं कोट नव्हता. आबांचा जुना स्वेटर होता, बाह्या दुमडून घालायचे.

"घाल आन जा, मॅडमना थँक्यू म्हनून ये," आबा म्हणाले.

"कशाबद्दल?"

"म्हन म्हनलं तर म्हन."

मी कोट उचलला आणि गेले. बंगल्याच्या कुंपणाच्या तारेवर तो अडकवला, बाह्या दोन्हीकडं पसरून, जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसेल असा. दार वाजवलं नाही. परत आले. आबांनी सगळं खिडकीतून बघितलं होतं. त्यांनी माझ्या कानाखाली जाळ काढला. त्याआधी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "पोरगी चुकली न्हाय." तेवढंच. पुन्हा बंगल्यावर एक भाकरी गेली नाही.

बढतीची यादी आली तेव्हा तिच्यात आबांचं नाव नव्हतं. पुढं कधीतरी मी त्यांना विचारलं, "माझ्यामुळं गेली का?" ते म्हणाले, "यादीत नाव नव्हतं. येवडंच मला ठाव हाय." रिपोर्टात काय लिहिलं होतं, कधीच कळलं नाही. आधीच लिहिलेला होता का? कोटानं गेली, का दप्तरानं, का मुळात मिळणारच नव्हती आणि आम्हाला नुसतं वाकवून ठेवलं होतं? वीस वर्षं मी हे उलटंपालटं करून बघते. ज्याला उत्तर माहीत आहे तो पुण्यात पेन्शन खात बसला आहे.

आबा हवालदार म्हणूनच परत आले आणि बारामतीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीला लागले. आमच्याकडं निवृत्त फौजीला हेच काम मिळतं. सुट्टी झाली की कामगारांची रांग लागायची आणि आबा एकेकाची डब्याची पिशवी उघडून बघायचे. मी कॉलेजातून येता-जाता ते बघायचे. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, हे लिहून ठेवते.

मी डाळिंबात पडले. आधी कऱ्हाटीत एका मावसभावाच्या बागेचा माल विकून दिला, मग दहा बागांचा, मग स्वतःचं पॅकहाऊस टाकलं, इंदापूरच्या रस्त्याला. कुणी हात दिला नाही, आणि दिला असता तर मी आधी त्याचा हेतू तपासला असता. माझी जीभ तिखट आहे. दलाल मला मागून काय म्हणतात ते मला पोचतं. पुढून म्हणायची कुणाची छाती होत नाही.

पॅकहाऊसवर चाळीस बाया माल निवडतात. संध्याकाळी गेटवर त्यांच्या पिशव्या तपासायचा नियम मीच घातला. सगळीकडंच असतो. दोन वर्षं चालला.

या उन्हाळ्यात ऑफिसातलं गोडी मोजायचं यंत्र नाहीसं झालं. मुठीएवढं असतं. दाण्याचा एक थेंब टाकला की आकडा दाखवतं. त्या आकड्यावर परदेशचा माल ठरतो. मॅनेजर म्हणाला, "ताई, दुपारी मंदामावशी ऑफिसात झाडायला आल्ती." मंदामावशी पळसदेवच्या, पन्नाशीच्या, सगळ्यांत जुन्या. मी गेटवर गेले. नेहमीची रांग होती. मी म्हटलं, "मावशी, बाजूला या. पिशवी ओता."

पिशवी उघडा म्हटलं नाही. ओता म्हटलं.

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मग पिशवी उलटी केली. डबा, चुरगळलेली औषधाची चिठ्ठी, पान-तंबाखूची चंची, एक जुना ब्लाऊज. बाकीच्या बाया खाली बघत होत्या. मला त्यांचं ते खाली बघणं ओळखीचं वाटलं, पण कुठलं ते पटकन आठवलं नाही.

"झालं?" मावशी म्हणाली. "आता त्याची बॅग उघडा." तिनं मॅनेजरकडं बोट केलं. "आन मग तुमची गाडी. यंत्र काय आमच्याच पिशवीत शिरतंय व्हय?"

माझ्या तोंडात शब्द आला होता. कुठला, ते सांगते. 'संस्कार.' जिभेच्या टोकावर होता. मी दात मिटले. मावशीनं सामान भरलं आणि टेम्पोची वाट न बघता रस्त्यानं चालायला लागली.

मी त्या गेटवर उभी राहिले आणि मला थंडी वाजली. वैशाखात.

सकाळी मी पळसदेवला गेले. धरणाचं पाणी उतरलं होतं, जुनं देऊळ पार पायथ्यापर्यंत उघडं पडलं होतं. मावशी दारात जाळं दुरुस्त करत बसली होती. मी म्हटलं, "मावशी, चुकले. माफी मागायला आले."

तिनं मान वर केली नाही. "वतायला लावलं कुठं?"

"गेटवर."

"मग माफी हितं माज्या दारात कशापाय मागती? हितं कोन हाय ऐकायला? कुत्रं हाय."

मला वर्षानुवर्षं सापडत नव्हतं ते तिनं जाळ्याची गाठ मारता मारता सांगितलं. करंडा सापडला, असा निरोप क्वार्टरच्या दारात आला होता, एकट्या आईला. पेटी मात्र सहा दारांसमोर उघडली होती.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या वेळी मी गेटवर स्टूल ठेवलं. चाळीस बायांसमोर माझी पर्स ओतली. गाडी उघडली, डिकी, पुढचा कप्पा, सगळं. मग मॅनेजरला म्हटलं, तुझी बॅग. तो म्हणाला, "ताई, माझ्यावर संशय?" मी म्हटलं, "माझ्यावरच आधी घेतला की." त्यानं बॅग उघडली नाही. नोकरी सोडून गेला. यंत्र त्याच्याकडं होतं का, मला माहीत नाही. अजून सापडलेलं नाही. मग मी मंदामावशीचं नाव घेऊन माफी मागितली, मोठ्यानं. टेम्पोतून येणाऱ्या पळसदेवच्या बायांनी तिला सांगितलं असणार. ती परत आली नाही. दुसऱ्या पॅकहाऊसला लागली. मी चांगली रोजी देऊ केली, तिनं निरोप धाडला, न्हाय. तिनं माझा कोट कुंपणाला टांगला. बरोबर केलं.

आता माझ्या गेटवर काही हरवलं तर आधी माझी गाडी उघडते. नंतर ऑफिस. बायांच्या पिशव्यांना हात लागत नाही. मला लोकांवर विश्वास बसायला लागलाय असं कुणी समजू नये. माझा संशय तसाच आहे. फक्त तो आता वरून सुरू होतो.

त्या तुकडीतल्या कुटुंबांचा फोनवर एक ग्रुप आहे. मॅडम आहेत, साहेब आहेत, लाइनीतली तेव्हाची पोरं आहेत. रियानं गेल्या संक्रांतीला त्या हळदीकुंकवाचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, आपलं मोठं कुटुंब, सोन्यासारखे दिवस. फोटोत आईचा नुसता हात आला आहे, पिठाचा. तेव्हा मी गप्प बसले होते. पळसदेवहून आल्यावर मी त्याच फोटोखाली लिहिलं, "करंडा तुझ्या दप्तरात होता, पुढच्या कप्प्यात. तू आणि मॅडम, दोघींनी इथं लिहा. सगळ्यांसमोर."

सगळ्यांनी वाचलं आहे. खुणा निळ्या झाल्या आहेत. दोन पोरं ग्रुप सोडून गेली. रात्री रियाचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. 'आपण लहान होतो गं. फोनवर बोलूया का? आईची तब्येत बरी नसते.'

फोनवर नाही. कानात नाही. मॅडमच्या तब्येतीवर नाही. माझी आई अर्धी वाकून थांबली होती, तेव्हा तिची तब्येत कुणी विचारली नव्हती.

आबांना मी सगळं वाचून दाखवलं. ते आता सत्तरीकडं झुकलेत, पेटी त्यांच्या खाटेखाली आहे.  ते म्हणाले, "साहेबाला राग यील."

"येऊ द्या," मी म्हटलं.

धंद्यात मी एक गोष्ट पाळते. भाव एकदाच सांगायचा आणि समोरचा उठून चालायला लागला तरी हाक मारायची नाही. माझा भाव ग्रुपवर लिहिलेला आहे. सहा दारांसमोर घेतलं ते सहा दारांसमोर परत. त्यात मी काही सोडणार नाही.